बाळ कडेवर, भार गुडघ्यावर

ताई, माझं वय 31. पहिलंच बाळंतपण, बाळ आता 7 महिन्यांचं आहे. ते तिसऱ्या महिन्यात होतं तेव्हापासून माझा उजवा गुडघा पुढच्या बाजूने, वाटीच्या आसपास दुखतो. जिना उतरताना आणि बाळाला घेऊन जमिनीवरून उठताना कळ येते. पाजायला बसले की अर्ध्या तासात गुडघा असा आखडतो की पाय आधी सरळ करून मगच उभं राहावं लागतं. एक्स-रे नॉर्मल आला. एक जण म्हणतं वजन उतरव, दुसरं म्हणतं झीज सुरू झाली, तिसरं म्हणतं पायाला विश्रांती दे. विश्रांती! मग 'करेक्टिव्ह एक्सरसाइज'चा एक व्हिडिओ सापडला. 12 व्यायाम, 45 मिनिटं. तीन दिवस केले, चौथ्या दिवशी गुडघा जास्तच दुखला, सोडून दिले. या व्यायामांचा खरंच उपयोग होतो का? नीकॅप घालू का? आधी मी धावायचे, ते परत कधी जमेल? आणि एक किरकोळ गोष्ट: माझे जुने बूट मला घट्ट होताहेत. असं होतं का?
— एक आई

'विश्रांती'पुढे तू जे उद्गारचिन्ह टाकलंयस, त्यात सगळं आलं. सात महिन्यांचं मूल घरात असताना असा सल्ला देणाऱ्याने एक रात्र तरी तुझ्या जागी जागून बघावी. शिवाय या दुखण्यात नुसत्या विश्रांतीने भागतही नाही. दोन आठवडे पाय जपलास तर बरं वाटेल, पुन्हा जिना उतरलीस की दुखणं जागच्या जागी हजर. मधल्या काळात मांडीचे स्नायू मात्र आणखी ढिले पडलेले असतील.

आधी झिजेची भीती काढून टाकू. वाटीच्या आसपास दुखतं, जिन्यावर आणि वाकलेल्या गुडघ्यावर भार आला की दुखतं, खूप वेळ गुडघा दुमडून बसल्यावर आखडतं, आणि एक्स-रे स्वच्छ. हे वर्णन झिजेचं नाही. याला पटेलोफिमोरल पेन म्हणतात आणि ते बहुतेक वेळा हकिगतीवरून आणि हाताने तपासूनच ओळखलं जातं. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकाला असलेल्या खोबणीतून वरखाली सरकत असते. गुडघा वाकवून त्यावर भार टाकला की ती त्या खोबणीत दाबली जाते. सपाट चालताना हा दाब फारसा नसतो, जिन्यावर तो शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट होतो, आणि खोल उकिडवं बसताना त्याच्याही बराच वर जातो. म्हणून तर सपाट रस्त्यावर अर्धा तास चालता येतं आणि दहा पायऱ्या नकोशा होतात. गुडघा वाजतो की नाही हे तू लिहिलेलं नाहीस, पण वाजत असेल आणि त्या आवाजाबरोबर दुखणं किंवा सूज नसेल, तर वाजू दे. 'वंगण संपलं' हे मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, पण आवाजावरून वंगण मोजता येत नाही.

मग बाळंतपणानंतरच का? यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं: रिलॅक्सिन. गरोदरपणात सांध्याभोवतालचे बंध सैल करणारं हे हार्मोन. 1926 साली फ्रेडरिक हिसॉ या अमेरिकन शास्त्रज्ञाने गिनीपिगवरच्या प्रयोगांतून त्याचा माग काढला, आणि आज बाळंतिणीचं काहीही दुखलं तरी बोट त्याच्याकडेच जातं. पण रिलॅक्सिनची रक्तातली पातळी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि बाळ झाल्यावर काही दिवसांत खाली येते. सांध्यांचा सैलपणा निवळायला त्यानंतर काही महिने लागतात, हे खरं. तरीही तुझं दुखणं सुरू झालं तिसऱ्या महिन्यात, हार्मोन गेल्यावर. तेव्हा आरोपी दुसरा कुणीतरी शोधायला हवा.

माझा संशय उठण्याबसण्यावर आहे. गरोदरपणातलं वजन (मुळात वजन योग्य असलेल्या बाईचं साधारण 11 ते 16 किलो वाढणं अपेक्षित धरतात) नऊ महिन्यांत हळूहळू चढतं, शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळतो. पण बाळ हातात आल्यावरची उठबस एका रात्रीत सुरू होते. तीही कोणत्या अवस्थेत? पोटाचे स्नायू ताणलेले, खुब्याच्या बाजूचे स्नायू शेवटच्या महिन्यांत बदकासारखं चालून आळसावलेले, झोप नाही. माझ्याकडे आलेल्या एका आईला मी एक दिवस फक्त मोजायला सांगितलं: बाळाला घेऊन किती वेळा खाली बसतेस, किती वेळा उठतेस. संध्याकाळी तिने कळवलं, 48. दर महिन्याला वजन वाढत जाणारं ओझं घेऊन 48 वेळा, आणि आठवड्याची सुट्टी नाही. कुठल्याही जिममध्ये असा कार्यक्रम नवशिक्याला कुणी देणार नाही.

आता एक गोष्ट तपासून बघ. बाळ कुठल्या कडेवर घेतेस? तू उजव्या हाताची असशील तर बहुतेक डाव्या. मग उजवा हात मोकळा राहतो. जमिनीवरून उठताना तो टेकवतेस, उजवं पाऊल पुढे रोवतेस आणि उजव्या गुडघ्याच्या जोरावर वर येतेस. आज आरशासमोर असंच एकदा ऊठ, पण नेहमीसारखी पटकन नको, सावकाश. जोर लावण्याच्या क्षणी गुडघा कुठे जातो ते बघ. पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आतल्या अंगाला, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकतो? आत झुकत असेल तर वाटी खोबणीच्या बाहेरच्या कडेवर दाबली जाते. हे झुकणं गुडघ्याला एकट्याला थोपवता येत नाही. त्याला वरून खुब्याने आणि खालून पावलाने धरून ठेवायचं असतं. वरचा पहारेकरी पेंगतोय, खालचा थकलाय, आणि मार मधला खातोय.

'करेक्टिव्ह' हा शब्द मला मुळात फारसा आवडत नाही. तो ऐकला की वाटतं, आपण वाकडे झालोय आणि कुणीतरी सरळ करायचंय. तू वाकडी झालेली नाहीस. तुझं काम वाढलं आणि ते पेलायची ताकद त्या वेगाने वाढली नाही, इतकंच. नावाचं मात्र सोडून दे, व्यायाम बरोबर आहेत. या दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत खुबा आणि गुडघा या दोन्हींच्या एकत्रित व्यायामाला पहिली पसंती आहे. अल्ट्रासाउंड, लेझर अशी यंत्रं लावू नयेत, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. यंत्राखाली पाय ठेवून पडून राहण्यात पंधरा मिनिटांची गादी मिळते, तेवढा फायदा मात्र मी नाकारणार नाही.

व्हिडिओने तुझा गुडघा बिघडला नाही. 12 व्यायाम, लागोपाठ तीन दिवस, आधीच्या 40-50 उठाबशांवर. भार एकदम वाढला म्हणून गुडघ्याने तक्रार केली. स्नायूला वाढायला मधला मोकळा दिवस लागतो, तो तू दिलाच नाहीस. मी तुला पाच सांगते, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून एक. सगळे मिळून 20 मिनिटं. तेवढा वेळ सलग मिळाला नाही तर दिवसभरात तुकड्यांनी केलेस तरी चालतात.

पहिला सोपा आहे. उताणी झोप, गुडघे दुमडून तळवे टेकव, श्वास सोडत कंबर उचल, वर थोडी थांब, सावकाश खाली ये. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा ढुंगणाच्या जरा जवळ घे. काम नितंबांना लागायला हवं.

दुसरा सगळ्यांत जास्त चुकवला जातो, म्हणून त्यावर थांबते. डाव्या कुशीवर झोपून उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायचा. ऐकायला काहीच नाही. पण बहुतेक जणी पाय नकळत पुढे घेतात आणि चवडा छताकडे फिरवतात. तसं केलं की खुब्याच्या बाजूचा स्नायू बाजूला राहतो आणि पुढचाच स्नायू काम उरकून टाकतो. म्हणून भिंतीला पाठ लावून झोप. वरच्या पायाची टाच भिंतीला टेकव, चवडा किंचित खाली झुकव, आणि टाच भिंतीवरून घासत वर ने. एक वीतभर वर गेला तरी पुरे. बरोबर होत असेल तर आठव्या-नवव्या वेळेला, पँटचा बाजूचा खिसा जिथे असतो त्याच्या जरा मागे, आग व्हायला लागते. ती आग होईपर्यंत मी पेशंटच्या खुब्यावर बोट ठेवून बसते. तू तुझंच बोट ठेव. मग कूस बदलून डावा पाय.

तिसरा खुर्चीवरून उठणं-बसणं. उंच खुर्ची घे, हवं तर वर उशी ठेव. बसताना मनात तीन मोजत सावकाश टेक, धपकन बसू नकोस. गुडघे बोटांच्या रेषेत. जमायला लागलं की उशी काढ, मग कमी उंचीचं आसन घे, आणि शेवटी बाळाला छातीशी धरून कर. तुझं डंबेल दर महिन्याला आपोआप जड होतंय, त्याचा फायदा घे.

चौथा पायरी. तळहाताएवढ्या उंचीच्या, न हलणाऱ्या पायरीवर उजवा पाय ठेवून डाव्या टाचेने हळूच जमिनीला स्पर्श करायचा आणि परत वर यायचं, कठड्याला हात लावून. हा लगेच नको. पहिले तीन व्यायाम दोन आठवडे नीट झाले की सुरू कर. जिना उतरण्याची खरी तालीम हीच आहे. पाचवा टाचा उचलण्याचा, भिंतीला हात टेकवून. आधी दोन्ही पायांवर, पुढे एकेकावर. त्याने पोटरी आणि पावलाची कमान दोन्हींना काम मिळतं.

प्रत्येक व्यायाम 8 ते 12 वेळा, असे दोन फेरे, आणि दोन्ही पायांना, नुसत्या दुखऱ्या नव्हे. शेवटच्या दोन वेळा कष्टाने व्हायला हव्यात. अगदी सहज होत असतील तर व्यायाम वाढवायची वेळ झाली. दुखण्याचा नियम असा: शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलेलं चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा आदल्या दिवसासारखा असला पाहिजे. सकाळी जास्त कुरकुरला तर पुढच्या वेळी व्यायाम निम्मा कर, सोडू नकोस. तुझी चूक झालीच असेल तर ती सोडून देण्याची. आणि जोर लावताना श्वास कोंडू नकोस. ऊठताना, उचलताना श्वास सोड. खोकताना किंवा उठताना लघवीचा थेंब जातो, किंवा झोपेतून उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो, असं काही असेल तर ओटीपोटाच्या स्नायूंची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टला एकदा दाखव. बायका हे सांगायला लाजतात आणि वर्षानुवर्षं सोसतात.

फरक कधी पडेल? पहिल्या दोन आठवड्यांत जवळजवळ काहीच नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेक जणी तिथेच गळतात. जिना सोपा झाल्याचं साधारण सहाव्या आठवड्यात लक्षात येतं, पूर्ण ताकदीला तीन महिने धर.

तोवर गुडघ्याचा रोजचा मार कमी करता येतो. पाजताना पाय खाली दुमडून बसू नकोस. पाठीला आधार घे, उजवा पाय समोर स्टुलावर सोड आणि गुडघ्याखाली छोटी घडी ठेव. जमिनीवरून उठताना बाळाला आधी छातीशी घट्ट घे, एक गुडघा टेकव, दुसरं पाऊल पुढे रोवून ऊठ, आणि हे पाऊल दर वेळी बदल. सकाळी उजवं, तर पुढच्या खेपेला डावं. डावीकडून उठताना सुरुवातीला अगदी परक्या पायाने उठल्यासारखं वाटेल. मी माझ्या मुलीच्या वेळी याच पायरीवर रडकुंडीला आले होते. पेशाने फिजिओथेरपिस्ट, आणि स्वतःच्या पोरीला घेऊन डाव्या पायावर उठता येईना. कडही बदलत राहा. जिन्यावर जास्त दुखत असेल त्या दिवशी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि बाळ हातात असेल तेव्हा दुसरा हात कठड्यावर, काहीही झालं तरी.

नीकॅपचं म्हणशील तर घाल, बाहेर जाताना धीर येत असेल तर. त्याने नुकसान नाही, पण ताकदही येत नाही. दिवसभर मात्र घालू नकोस, नाहीतर आणखी एक गोष्ट काढायची-घालायची राहते. वजनाबद्दल सांगणाऱ्यांचं पूर्ण चूक नाही, पण अंगावर पाजत असताना उपास करून वजन उतरवायच्या भानगडीत पडू नकोस. दुखणं फार असेल तर गोळी कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचार, आणि विचारताना बाळाला पाजतेस हे आठवणीने सांग.

काही गोष्टी असल्या तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा. गुडघ्याला सूज येऊन तो गरम लागणं, अडकणं, ताप. सकाळी उठल्यावर हातांच्या बोटांचे सांधेही आखडणं आणि ते मोकळे व्हायला अर्धा-एक तास लागणं. संधिवाताची सुरुवात बाळंतपणानंतरच्या वर्षात होताना दिसते, म्हणून हे लक्षण अंगावर काढू नये. गुडघा अचानक लचकून जाणं आणि मांडीचा पुढचा भाग बधिर लागणं हे मांडीच्या नसेचं असू शकतं. जांघेत दुखत असेल आणि तेच गुडघ्यापर्यंत येत असेल तर आधी खुबा तपासून घ्यावा लागतो. आणि एकच पोटरी सुजली, दुखरी, गरम झाली, किंवा दम लागला तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री जायचं. शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सगळ्यांत जास्त असतो आणि तुझा तो काळ मागे पडलाय, पण हे पत्र वाचणाऱ्या सगळ्याच सात महिन्यांच्या पुढच्या नसणार.

धावण्याचं. 2019 मध्ये ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी मांडलेल्या मार्गदर्शक सूचनांत बाळंतपणानंतर किमान 12 आठवडे धावू नये असं म्हटलंय. कॅलेंडरच्या हिशोबाने तू कधीच पात्र झालीस. पण मी कॅलेंडर बघत नाही, पायरी बघते. चौथा व्यायाम उजव्या पायावर सलग 10 वेळा, गुडघा आत न झुकता आणि दुखणं दोनच्या वर न जाता झाला, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी गुडघा गप्प राहिला, आणि एका पायावर जागच्या जागी काही उड्या मारताना लघवी गळली नाही, की सुरू कर. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, असं दहा वेळा. पहिले काही आठवडे वेग अजिबात मोजू नकोस. तोपर्यंत बाबागाडी ढकलत चालणं आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांत बाळंतपणानंतरही, तब्येतीची दुसरी काही अडचण नसेल तर, आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि भरभर चालणं त्यात धरलं जातं.

आणि बूट. तू त्यांना किरकोळ म्हणालीस, मला तोच तुझ्या पत्रातला सगळ्यांत कामाचा मजकूर वाटला. हो, असं होतं. 2013 मध्ये आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 49 गरोदर बायकांची पावलं सुरुवातीला आणि बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी मोजली. बऱ्याच जणींची कमान खाली आली होती आणि पाऊल 2 ते 10 मिलिमीटर लांब झालं होतं, आणि हा बदल मुख्यतः पहिल्या बाळंतपणात दिसला. सूज उतरली तरी बूट सैल होत नाहीत ते यामुळे. कमान खाली बसली की पाऊल आत कलतं आणि गुडघ्यालाही आत ओढतं, म्हणजे आरशात जे बघायला सांगितलं त्याचं एक टोक इथे आहे. घट्ट बूट ठेवून देऊ नकोस, कुणाला तरी देऊन टाक. नवे घेताना संध्याकाळी जा, दोन्ही पावलं उभं राहून मोजून घे, मोठं निघेल त्या पावलाचं माप धर, आणि दुकानात बाळाला कडेवर घेऊनच चार पावलं चालून बघ.